ट्रॉली भरल्यावर जे वाटतं ते नक्की काय असतं?

मधलास्टॉप (धागाकर्ता)

आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली. महिनाअखेर घर रिकामं करून द्यायचंय, म्हणून गेले तीन शनिवार-रविवार मी माळ्यावर आहे. बायको खाली स्टुलाला धरून उभी राहते, "आता काय निघालं?" विचारते आणि मी वरून ओरडून सांगतो.

आतापर्यंतचा ऐवज: झाकण नसलेले डबे 14. डबा नसलेली झाकणं 9 (एकमेकांची नाहीत, लावून पाहिली). पाण्याच्या बाटल्या 22, घरात माणसं चार. सँडविच टोस्टर दोन, त्यातला दुसरा हा पहिला बिघडलाय अशा समजुतीने घेतलेला. योगा मॅट तीन, पैकी एक अजून प्लास्टिकमध्ये. आणि सगळ्यात मागे, खोक्यासकट, चिकटपट्टीही न उचकटलेलं, हाताने फिरवायचं पास्ता बनवायचं यंत्र. ऑर्डर केव्हाची ते फोनमध्ये शोधलं. ऑक्टोबर 2021, रात्री पाऊण वाजता. आमच्याकडे पास्ता कोणाला धड आवडतही नाही.

मी उधळ्या माणूस नाही हो. रिक्षावाल्याकडून दोन रुपये सुटे घेतल्याशिवाय उतरत नाही. मग हे कोणी आणलं?

आता प्रश्न. डीमार्टमध्ये ट्रॉली भरत भरत काठोकाठ आली की मला एक ऊबदार, जेवण झाल्यासारखं सुख वाटतं. रांगेत उभं असेपर्यंत ते टिकतं. घरी येऊन पिशव्या उपसताना ते गेलेलं असतं, उलट "हे कुठे ठेवायचं" म्हणून चिडचिड होते. म्हणजे सुख वस्तूचं नव्हतं, वापराचं तर नव्हतंच. मग कशाचं? आणि ते जाहिरातवाल्यांनी माझ्यात घातलंय की आधीपासून होतंच?

"कमी वस्तूंत जगा" सांगू नये ही विनंती. त्या विषयावरची दोन पुस्तकंसुद्धा माळ्यावरच सापडली.

रानजाई

पास्ता मशीन किती एमएमपर्यंत पातळ लाटतं? द्यायचंय का?

अर्धवटराव

कोणीतरी ययाती काढायच्या आत मी काढून ठेवतो. ययाती. झालं. आता पुढे बोला.

गुळपोळी

ययातीपर्यंत कशाला जायचं, माझ्या आजीच्या स्वयंपाकघरापर्यंत गेलात तरी पुरे. गिरगावात दोन खोल्या, आणि भिंतभर फळ्यांवर स्टीलची भांडी. उतरंडीने लावलेले डबे, पातेल्यांचा एकात एक बसणारा संच, चोवीस ताटं, चोवीस वाट्या, चोवीस फुलपात्री. घरात चोवीस माणसं एकदाच जमली, आजोबांच्या तेराव्याला, आणि तेव्हा केटररने त्याची भांडी आणली!

आणि हे सगळं आलं कुठून? बोहारणीकडून. दुपारी दोनला "भांडीऽऽय" अशी हाक आली की आजी, जी एरवी पाय दुखतात म्हणून देवळात जायची नाही, ती टुणकन उठायची. मग गठ्ठा सोडायचा, आजोबांच्या विजारी उजेडात धरून बघायच्या. बोहारीण म्हणणार, "यात वाटी बसेल." आजी म्हणणार, "वाटी? अगं ही टेरिकॉट आहे." तासभर चालायचं. शेवटी एक पॅन्ट जास्त देऊन पातेलं पदरात. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आजीचा चेहरा तुमच्या त्या भरल्या ट्रॉलीसारखा.

त्या काळी टीव्हीसुद्धा नव्हता तिच्याकडे. जाहिरातवाल्यांचा यात काय दोष?

मधलास्टॉप

@गुळपोळी, आमच्याकडे "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" असं कोरलेला साखरेचा डबा आहे. हे कै. कोण, घरात कोणालाच माहीत नाही.

गल्लामास्तर

चौदा वर्षं सुपरमार्केटच्या धंद्यात काढली, आता स्वतःचं छोटं दुकान आहे. त्यामुळे आतली बाजू सांगतो.

आधी ट्रॉलीचं. ती गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी आली असं सगळ्यांना वाटतं. 1937 साली अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदाराच्या लक्षात आलं, की हातातली टोपली जड झाली की बाई खरेदी थांबवते. म्हणजे इच्छा संपत नव्हती, हात भरून येत होता. त्याने घडीच्या खुर्चीवरून डोकं चालवून चाकांचा सांगाडा केला आणि त्यात टोपल्या बसवल्या. गंमत म्हणजे सुरुवातीला लोक हात लावेनात. बायांना ती बाबागाडी वाटे आणि पुरुषांना कमीपणा. मग त्याने पगार देऊन माणसं ठेवली, नुसती ट्रॉली ढकलत दुकानात फिरायला. ती बघून बाकीचे ढकलायला लागले.

बाकी ओळखीचंच आहे. दूध-दही, आटा, तेल असलं रोजचं सामान लांबच्या टोकाला. डोळ्यांच्या उंचीची फळी सगळ्यात महाग, तिथे बसायला कंपन्या दुकानाला पैसे मोजतात. पोरांची बिस्किटं पोरांच्या डोळ्यांच्या उंचीला. रॅकच्या टोकाला जो डोंगर रचलेला दिसतो त्याला आम्ही एंड कॅप म्हणतो. तिथे ठेवलेला माल स्वस्त असेलच असं नाही, पण ढीग दिसला की माणूस ऑफर समजतो. मी स्वतः नेहमीच्याच भावाचा साबण ढिगात रचून दुप्पट विकलाय.

आणि एक उलटा अनुभव. ढिगातून एक-दोन नग मुद्दाम काढून ठेवायचे. अगदी व्यवस्थित रचलेल्या ढिगाला कोणी हात लावत नाही. आधी कोणीतरी नेलंय हे दिसावं लागतं.

कोरडवाहू

वाचून मजा वाटली. आमचा जन्म बीडकडचा. 72 च्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा. रेशनवर लाल मिलो (ज्वारीच ती) यायचा, अमेरिकेचा. त्याची भाकरी थापताना चिरायची. खडी फोडायच्या कामावर आई-बाप आणि तिथं सुकडी. दिवाळीला एकच तागा फाडून आम्हा पाच भावंडांना कापडं, लांबून बँडवाले दिसायचो. पण तो नवा वास आठवडाभर जायचा नाही अंगाचा.

आज नातवाकडं बुटाचे सहा जोड हैत आणि त्याला एकाचाबी वास येत नाही. तुम्हाला सुख कशाचं वाटतं ते शोधताय. आम्हाला दुःख कशाचं वाटायचं ते पक्कं ठाऊक होतं, म्हणून सुखाचा हिशोब सोपा होता.

निळीशाई

@कोरडवाहू काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पण या धाग्यावर आता "पूर्वी कसं थोडक्यात भागायचं" याचा पूर येणार, म्हणून आधीच बांध घालते.

थोडक्यात भागायचं हे सगळ्यांच्या बाबतीत निवडून केलेलं नव्हतं. कोणी काय घालावं, कोणत्या धातूचा दागिना घालावा, हे आमच्या आज्या-पणज्यांना गाव सांगायचं. 1927 च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेब परिषदेनंतर बायकांशी बोलले ते काय? लुगडं चांगलं, व्यवस्थित नेसा. गळाभर माळा आणि कोपरापर्यंतचे गोट-पाटल्या टाकून द्या, त्यावरून तुमची जात ओळखू येते. घालायचाच तर सोन्याचा घाला, नाहीतर घालू नका. आणि बायकांनी तिथल्या तिथे लुगडं नेसायची पद्धत बदलली.

माझ्या बाबांनी पहिल्या पगारात काय घेतलं? सूट. नागपूरच्या मे महिन्यात. आई चिडली होती म्हणे. त्यांनी तो घालून फोटो काढला आणि गावाला पाठवला. याला तुम्ही हाव म्हणाल का? गांधीजींनी पंचा नेसला त्याचं जगभर कौतुक झालं, कारण ते सूट सोडून पंचावर आले होते. ज्याला सूट घालूच दिला नाही त्याने पंचा नेसला तर त्याचं कोण कौतुक करणार?

साधेपणा ही मला नेहमी तिसऱ्या पिढीची चैन वाटते.

कोरडवाहू

पटलं ताई. तो फोटो अजून आहे का?

निळीशाई

आहे काका. हॉलमध्ये. सूट मात्र उन्हाळ्यात पुन्हा कधी घातला नाही.

न्यूजर्सीचा_नाना

इकडे या, मग कळेल माळा म्हणजे काय. गराजमध्ये दोन गाड्यांची जागा आहे आणि दोन्ही गाड्या बाहेर बर्फात. आत कॉस्टको. 30 टॉयलेट पेपरचे रोल, केचपचे तीन जंबो डबे, अर्ध्या मणाचा तांदूळ (तो मान्य आहे), आणि मफिन्स. दोघांच्या घरात बारा मफिन्स. वर्षाची फी भरून दुकानात जायचं, म्हणजे आधी पैसे घेऊन मग खरेदी करू देतात. आणि फी भरलीये तर वसूल करायला नको का? म्हणून दर शनिवारी जायचं. बाहेर पडताना दीड डॉलरमध्ये हॉट डॉग आणि कोक. माझ्या मुलाच्या जन्माआधीपासून तोच भाव आहे, मुलगा आता नोकरीला लागला. तेवढं स्वस्त खाल्लं की आत तीनशे डॉलर गेलेले विसरायला होतं.

गराज भरलं की पुढची पायरी: सेल्फ स्टोरेज. महिन्याच्या भाड्याने खोली घ्यायची, कुलूप आपलं. आमच्या ओळखीत एकाने जुना सोफा ठेवायला घेतली आणि सोफ्याच्या किमतीच्या चौपट भाडं भरून झालं. सोफा अजून तिथेच आहे. त्याला "भाडं फुकट जाईल" म्हणून काढवत नाही.

अर्धवटराव

@नाना, आणि इंडियाला येताना 23 किलोच्या दोन बॅगांत काय आणता तेही लिहा.

न्यूजर्सीचा_नाना

बदाम, व्हिटॅमिनच्या गोळ्या, आणि भारतात बनलेले टॉवेल.

नेकारकाठी

जर्मनीतून. इथे रविवारी दुकानं बंद. स्टेशनातली आणि पेट्रोल पंपावरची काही सोडली तर सगळी. रविवारची विश्रांती 1919 च्या वायमार राज्यघटनेत होती आणि ते कलम आजच्या राज्यघटनेनेही तसंच्या तसं घेतलंय. पहिलं वर्ष मी शनिवारी संध्याकाळी घाबरून दुप्पट सामान आणायचे. उद्या बंद! जणू वेढा पडणार आहे. सहा वर्षं झाली, अजून थोडं आणतेच.

म्हणजे बंदी घातली तर इच्छा कमी होत नाही, शनिवारी गोळा होते.

अवांतर: घरातला मोठा निरुपयोगी माल ठरलेल्या दिवशी फुटपाथवर ठेवायचा, पालिका उचलते. आदल्या रात्री लोक टॉर्च घेऊन त्यातून हवं ते शोधत फिरतात. माझा अभ्यासाचा दिवा, खुर्ची आणि फुकट मिळालं म्हणून आणलेला दुसरा दिवा तिथलाच.

सुटेपैसे

मी बँकेत आहे, त्यामुळे माझं लक्ष वेगळीकडे जातं. पूर्वी इच्छा आणि वस्तू यांच्या मध्ये एक काळ असायचा. आमच्या वडिलांनी स्कूटर बुक केली तेव्हा मी पहिलीत होतो, आली तेव्हा पाचवीत. चार वर्षं घरात त्या स्कूटरच्या रंगावर भांडणं झाली. आली तो हिरवा रंग कोणालाच नको होता, तरी पेढे वाटले.

आता तो मधला काळ आम्ही बँकवाले विकत घेतो. "नो कॉस्ट ईएमआय" हा शब्द ऐकला की हसू येतं. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही चीज अस्तित्वातच नाही. व्याज कुठेतरी असतंच. दुकानदार तेवढी सूट बँकेला देतो, म्हणजे रोखीने घेणाऱ्याला जी सवलत मिळाली असती ती तुम्ही सोडून देता. वर प्रोसेसिंग फी. वर व्याजाच्या भागावर 18 टक्के जीएसटी. स्टेटमेंट नीट बघा, बारीक अक्षरात सापडेल.

आणि हे कळून काय होतं? मी मागच्या दिवाळीत टीव्ही ईएमआयवर घेतला.

टपरी_नंबर_7

+1. शेवटच्या ओळीसाठी.

येवलेकरीण

बराच वेळ नुसती वाचत होते. आमच्याकडे पैठणीचे माग आहेत, नवऱ्याच्या आजोबांपासून. खरी हातमागाची, दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी साडी व्हायला साध्या नक्षीला काही आठवडे आणि भरगच्च पदराला महिनोन् महिने लागतात. ती नेसतात किती वेळा? लग्नात एकदा, मंगळागौरीला एकदा, मग मलमलच्या फडक्यात. तुमच्या पास्ता यंत्रापेक्षा वापराचा हिशोब फार बरा नाही.

मग तुम्ही सगळे उद्या शहाणे झालात आणि गरजेपुरतंच घ्यायला लागलात, तर आमच्या गल्लीत चूल कशावर पेटेल? गरजेला पाच वार सुती पुरतं. पैठणी कोणाच्याच गरजेची नव्हती, पेशव्यांच्याही नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात. आम्ही त्याच मोलावर जगतो.

दुसरी बाजूही सांगते. यंत्रमागावर निघालेली, तशीच दिसणारी साडी आमच्याच बाजारात हजार-दीड हजाराला मिळते. बायका सहा घेतात. सहा रंगांत. त्या सहांच्या पैशात खरी येणार नाही हे मला मान्य आहे. पण सहावी घेताना त्यांच्या चेहऱ्यावर पहिलीचा आनंद नसतो, हे मी गादीवर बसून रोज बघते. पाचवीला मागे वळून विचारतात, "अजून कोणता रंग आहे?" तोपर्यंत हातातली साडी बघितलेलीही नसते.

गुळपोळी

@येवलेकरीण, काय लिहिलंत! आणि आहेराच्या साड्यांबद्दल बोलायलाच हवं. आमच्या घराण्यात एक मोरपिशी साडी आहे, तिने 2009 ते 2018 मध्ये सात घरं पाहिली. आत्याने काकूला, काकूने विहीणबाईंना, असं करत ती माझ्या लग्नात आत्यालाच परत गेली. आत्याने घडी ओळखली. एक चकार शब्द न काढता पुढच्या मुंजीत दिली.

टपरी_नंबर_7

त्या साडीचं स्वतंत्र आत्मचरित्र येऊ द्या.

चिनू_चोवीस

तुम्ही सगळे दुकानात जाण्याबद्दल बोलताय, किती गोड. मी चोवीस वर्षांचा, पुण्यात तिघांत फ्लॅट. आमच्याकडे ट्रॉलीच नाही. रात्री साडेअकराला कोथिंबीर हवी म्हणून ॲप उघडतो. कोथिंबीर 12 रुपये. 199 च्या वर फुकट डिलिव्हरी. मग चिप्स, आइसक्रीम, मोबाइलची केबल. 211 झाले. 25 रुपये डिलिव्हरी "वाचवली". दहा मिनिटांत दारात माणूस. एकदा तर कोथिंबीर स्टॉकमध्ये नव्हती, बाकी सगळं आलं.

आमचे हात भरून येत नाहीत @गल्लामास्तर, त्यामुळे गोल्डमनलाही आमच्यापुढे काही काम नाही.

सुटेपैसे

@चिनू_चोवीस, "फक्त 2 शिल्लक", "14 जण आत्ता हे बघतायत" असलं खोटं दाखवून घाई करवणं आता नियमाबाहेर आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला अशा 13 क्लृप्त्यांची यादीच काढली. खोटी घाई, टोपलीत न विचारता काहीतरी सरकवणं, "नको, मला पैसे वाचवायचे नाहीत" असं बटण दाबायला लावून लाजवणं, सगळं त्यात आहे.

चिनू_चोवीस

ते लाजवणारं बटण मी रोज दाबतो. आता लाज वाटायची बंद झालीये.

वामकुक्षी

सगळा दोष भांडवलशाहीचा आहे हे कोणीच स्पष्ट का म्हणत नाही? माल खपला नाही तर कारखाना थांबतो, म्हणून इच्छेचंही उत्पादन करावं लागतं. 1920 च्या दशकात बल्ब बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी एकत्र येऊन बल्बचं आयुष्य हजार तासांवर आणून ठेवलं. जास्त टिकला तर दंड! त्याच दशकात अमेरिकेत मोटारींचं दरवर्षी नवं मॉडेल काढायची टूम निघाली, आधीची गाडी चालत असताना ती जुनी वाटावी म्हणून. तुमचा फोनही त्याच घराण्यातला. ट्रॉली भरल्यावर तुम्हाला वाटतं ते सुख नसून कर्तव्यपूर्ती आहे. व्यवस्थेने दिलेली ड्युटी बजावल्याची.

अर्धवटराव

@वामकुक्षी, हे कोणत्या फोनवरून लिहिलंत?

वामकुक्षी

नव्या. जुन्याची बॅटरी गेली आणि बदलण्याचा खर्च ऐकून दुकानदारच म्हणाला, "साहेब, नवाच घ्या." माझा मुद्दाच सिद्ध होतोय की.

गल्लामास्तर

@वामकुक्षी, बल्बचं खरं आहे. पण गुळपोळींच्या आजीला कोणत्या कारखान्याने टुणकन उठवलं, याचं उत्तर तुमच्या सिद्धांतात नाही. मला विचाराल तर दुकानदार इच्छा तयार करत नाही. तो तिच्या वाटेतले दगड उचलतो. जड टोपली हा दगड होता. रोख पैसे हा दगड होता. रविवार हा दगड होता. दुकानदाराची ओळख हासुद्धा दगडच होता. आमच्या वाण्याला माहीत असायचं की मागच्या आठवड्यात तुम्ही काजू नेलेत, आणि तो भुवई उंचावायचा. ॲप भुवई उंचावत नाही.

ऊनसावली

माझा अनुभव माळ्याचा नाही, सोफ्याचा. गणपतीआधी हॉलचा रंग काढला. रंग नवा, तर पडदे मळकट वाटले. पडदे बदलले, तर सोफा. सोफा आला, तर त्याच्यापुढे टीपॉय बापुडवाणा. टीपॉय काचेचा आणला, तर खालची फरशी दिसायला लागली. रंगाचे 28 हजार ठरले होते, फरशीपर्यंत पोचताना सव्वातीन लाख. गणपती बसले तेव्हा मखर जुनंच होतं आणि सगळ्या घरात तेवढंच छान दिसत होतं.

नंतर कळलं की हे दुखणं जुनं आहे. दिदेरो नावाच्या फ्रेंच लेखकाला कोणीतरी भारी लाल झगा भेट दिला. त्याच्यापुढे खोलीतली खुर्ची, टेबल, चित्रं सगळं भिकार दिसू लागलं म्हणून त्याने एकेक बदललं, आणि मग जुन्या झग्यासाठी हळहळत बसला. हे त्याने 1769 मध्ये लिहून ठेवलंय. तेव्हा रंगवाला पेंटर त्याला "काका, हॉल केलाय तर बेडरूमपण उरकून टाकू" म्हणाला होता का, ते कळत नाही.

रानजाई

धागाकर्ते, मशीनचं राहिलं.

चाळकरी

मी वेगळा अनुभव लिहितो. आई मुंबई ग्राहक पंचायतीची सभासद, सुरुवातीच्या वर्षांपासून (पंचायत 1975 ची). आमच्या आजूबाजूच्या दहा-बारा घरांचा संघ. महिन्याचं सामान आधी यादीत भरून द्यायचं, पुढे ठरलेल्या दिवशी टेम्पो यायचा, एका घरात माल उतरायचा आणि बायका मिळून वाटप करायच्या. दुकान नाही, काचेचं कपाट नाही, रॅक नाही. वस्तू बघायलाच मिळायची नाही, नुसतं नाव आणि भाव.

लहानपणी मला तो दिवस रटाळ वाटायचा. यादीत जे लिहिलंय तेच येणार, मग मजा काय? एकदा मी आईच्या यादीत गुपचूप "जॅम 1" लिहिलं. महिना वाट बघितली. तो जॅम आला त्या दिवसाचं मला अजून आठवतंय, कोण कुठे बसलं होतं ते. संघातल्या काकूंनी पिशवीत टाकताना मोठ्याने वाचलं, "जॅम एक!" आणि सगळ्या बायकांनी आईकडे पाहिलं. @गल्लामास्तर म्हणतात ती भुवई, एकदम अकरा जणींची.

माल येऊन पडेपर्यंत आई यादीची नक्कल फ्रिजवर लावायची आणि मध्येच येता-जाता वाचायची. तेव्हा कळायचं नाही. आता वाटतं, तिची ट्रॉली तीच होती.

निळीशाई

@चाळकरी, "जॅम एक" हे माझ्यासाठी या धाग्याचं शीर्षक.

कोरडवाहू

अकरा भुवया. हॅ हॅ. आमच्या गावात दीडशे होत्या.

टपरी_नंबर_7

एक गंभीर प्रश्न. टीव्ही, फ्रिज, मिक्सर यांची रिकामी खोकी आपण का ठेवतो? आमच्या माळ्यावर वस्तू नाहीतच, नुसती खोकी आहेत. बाबा म्हणतात "वॉरंटीला लागतात". वॉरंटी 2014 ला संपली.

मधलास्टॉप

सगळ्यांचे आभार. घर परवा रिकामं केलं. पॅकर्सवाल्याने 62 खोकी मोजली, पैकी 11 (@टपरी) रिकामी निघाली. रिकाम्या खोक्यांचंही भाडं लावलं त्याने.

भाड्याच्या घरात माळाच नाही. पहिल्या रात्री बायको म्हणाली, किती मोकळं वाटतंय. दुसऱ्या दिवशी ओटा आवरताना तिचंच म्हणणं पडलं की सामान बसेना, एकसारखे पारदर्शक डबे असते तर बरं झालं असतं. रात्री मी फोन हातात घेतला. चोवीसचा संच. टोपलीत टाकला. मग @चाळकरी यांचा प्रतिसाद आठवला म्हणून मुद्दाम लगेच घेतला नाही, वहीत लिहून ठेवलं, "डबे 24". आज पाचवा दिवस. खरं सांगतो, रोज एकदा वही उघडून बघतो. डब्यांत काय काय भरायचं तेही लिहिलंय बाजूला. बायको विचारते काय वाचतोस.

पास्ता यंत्राबद्दल आतली गोष्ट सांगायची तर, जाताना ते भंगारात टाकायला माझा हात होईना. तेव्हा आठवलं की ऑक्टोबर 2021 मध्ये मी ते घेतलं तेव्हा दीड वर्षात आमच्या घरी एकही पाहुणा आला नव्हता. डोक्यात चित्र होतं की रविवार आहे, दहा-बारा जण आलेत आणि मी पीठ फिरवतोय. पास्ता त्या चित्रात नुसता निमित्ताला होता.

@रानजाई, तुमच्या भाच्याच्या हाती पाठवलंय. पैसे नकोत.

येवलेकरीण

बोलवा की मग दहा-बारा जणांना. शेवयांचा पाट काढा, पास्त्यावाचून काय अडलंय.

चिनू_चोवीस

डब्यांची लिंक द्या ना.

अर्धवटराव

@रानजाई, केला का पास्ता? फोटो टाका.

रानजाई

मिळालं, मिळालं, मनापासून आभार! खोकं काय सुरेख आहे. या रविवारी करणार होते, पण मैदा नव्हता. पुढच्या रविवारी गावाला जायचंय. तोपर्यंत नीट राहावं म्हणून वर ठेवलंय.